ताडोबात कॅमेरा घेऊन जायचंय: मोठी लेन्स भाड्याने घेऊ की आहे त्यात भागवू?

अर्धा_चहा

मंडळी, फेब्रुवारीच्या शेवटी घरच्यांबरोबर ताडोबाचा बेत ठरतोय. दोन सफारी मोहर्ली गेटने कोअरमध्ये (जंगलाचा आतला गाभा) आणि एक बफरमध्ये (त्याभोवतीचा पट्टा), असं सध्या डोक्यात आहे. बरोबर बायको, दहा वर्षांची मुलगी आणि सासरे. सासऱ्यांना वाघापेक्षा जिप्सीतल्या धक्क्यांची धास्ती जास्त, पण तो वेगळा धागा होईल.

माझ्याकडे कॅननचा क्रॉप (लहान) सेन्सरवाला जुना डीएसएलआर आहे. लेन्स दोन, १८-५५ मिमी आणि ५५-२५० मिमी. आजवर गणपती, मुंजी आणि शाळेचं गॅदरिंग एवढंच त्याने पाहिलंय. ऑफिसातला एकजण छातीठोकपणे सांगतो की ६०० मिमी नसेल तर ताडोबाला जाणं म्हणजे पैसे पाण्यात. इथे ठाण्यात १५०-६०० भाड्याने मिळते, पण भाडं आणि अनामत मिळून आकडा बघितला की सासऱ्यांसारखी मलाही धास्ती वाटते.

लेन्स घ्यावी का? सेटिंग काय ठेवू? आणि तोच गृहस्थ म्हणतो फेब्रुवारी सोड, मेमध्ये जा, वाघ पाणवठ्यावर हमखास बसलेला असतो. जाणकारांनी उजेड पाडावा.

शंकासूर

आधी वाघ दिसू तर दे, लेन्सचं मग बघू. ह. घ्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सागवान

अर्धा_चहा, मित्राचं ऐकण्याआधी जरा त्रैराशिक मांडू.

व्याघ्र प्रकल्पांत प्राण्यापासून गाडी किमान २० मीटर दूर ठेवायची असा दंडक आहे. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २२ मिमी रुंद. २५० मिमीला २० मीटरवर चौकटीत आडवं पावणेदोन मीटर मावतं. वाघ आडवा उभा असेल तर नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत जवळपास तेवढाच भरतो. म्हणजे चौकट काठोकाठ भरली! त्याच अंतरावर ६०० मिमी लावली तर जेमतेम पाऊण मीटर मावतं. तोंड आणि खांदा आला, बाकीचा वाघ बाहेर. चालत्या प्राण्याला एवढ्या अरुंद खिडकीत धरून ठेवणं पहिल्यांदा जाणाऱ्याला जमत नाही. जिप्सी हलते, शेजारचे उठतात, आणि तुम्ही व्ह्यूफाइंडरमध्ये नुसता बांबू शोधत राहता.

दुसरं, फोकसची खोली. २५० मिमी, एफ ५.६ (लेन्सच्या छिद्राचा आकडा), २० मीटर: साधारण सव्वा मीटर पट्टा धारदार येतो. ६०० मिमी, एफ ६.३: पाव मीटर. वाघिणीच्या मागे दोन पावलांवर पिल्लू असेल तर ते धूसर. मग आपण घरी येऊन लेन्सला शिव्या घालतो.

मोठी लेन्स वाईट असं म्हणत नाहीये. वाघ १०० मीटरवर तळ्याकाठी बसला की २५० ची मर्यादा कळतेच. पण तेव्हा वाघ लहान येऊ द्या आणि तळं मोठं येऊ द्या. ताडोबा तलावाची पलीकडची झाडी, काठावर ऊन खात पडलेल्या मगरी, पाण्यातून बाहेर आलेलं वाळकं खोड, या सगळ्यात एक पट्टेवाला ठिपका असेल तर मला तो फोटो नुसत्या तोंडापेक्षा जास्त आवडतो. फार वाटलंच तर १००-४०० भाड्याने घ्या. वजन हाताला पेलतं आणि मागे झूम करता येतं, तेच महत्त्वाचं.

ठिपकेवाली

सागवान काका, गणित मान्य, पण वाघापुरतंच. पक्ष्यांचं काय? नीलपंख तारेवर बसलेला २५० ने काढून बघा, निळा डाग येतो. तुरेवाला सर्पगरुड, तळ्यावरचा मत्स्यगरुड, झाडाच्या ढोलीतलं घुबड, या सगळ्यांना ६०० सुद्धा पुरत नाही. आणि ताडोबात तीन सफारी केल्या तर वाघ दिसेल न दिसेल, नीलपंख दिसणारच.

तरी अर्धा_चहांनी ती मोठी लेन्स घेऊ नये असंच माझंही मत. कारण वेगळं आहे. भाड्याची लेन्स आदल्या दिवशी हातात येते. तिचं स्टॅबिलायझेशन कुठल्या बटणावर, फोकस लिमिटर कुठे, झूम कुठल्या बाजूला फिरते, हे जंगलात शिकायचं म्हणजे कठीण. घ्यायचीच असेल तर आठवडाभर आधी घ्या आणि तळ्यावर बगळे, कॉलनीतली कुत्री यांच्यामागे लागा. पळणारं कुत्रं जमलं की वाघ सोपा. वाघ हळू चालतो.

फुलफ्रेम

इथे सगळे छोट्या लेन्सचं कौतुक करतायत म्हणून लिहितो. मी ५०० प्राइम (झूम नसलेली लेन्स) वापरतो आणि माझ्या भिंतीवरचे फोटो त्याचेच आहेत. पण खरी गोष्ट कोणी सांगत नाहीये. लेन्सपेक्षा ड्रायव्हर महत्त्वाचा. चांगला ड्रायव्हर पकडा, सुरुवातीलाच हात सैल सोडा, तो तुम्हाला बरोबर वाघासमोर नेऊन उभा करतो. एवढा खर्च करून लांबून बघायचं तर टीव्ही काय वाईट?

चंद्रपुरी_बाणा

फुलफ्रेम भाऊ, ड्रायव्हर महत्त्वाचा हे एकदम बरोबर. पुढचं चूक.

मी मोहर्लीकडचाच. घरातली दोन माणसं जिप्सी आणि गाइडच्या कामात आहेत, म्हणून आतून सांगतो. तुम्ही हात सैल सोडता, पाच मिनिटांचा फोटो काढून पुण्या-मुंबईला जाता. गाडी वीस मीटरच्या आत घातली म्हणून कोणी फोटो टाकला की निलंबन ड्रायव्हर-गाइडचं होते, तुमचं नाही. महिना-दोन महिने नंबर लागत नाही. कोअरचा सीझनच नऊ महिन्यांचा, त्यात दोन गेले तर घर कसं चालवायचं? ३१ डिसेंबर २०२४ चं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातलं प्रकरण आठवा. एफ-२ वाघीण, तिची पाच पिल्लं, आणि दोन्ही बाजूंनी जिप्सीच जिप्सी. व्हिडिओ फिरला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, ड्रायव्हर-गाइडवर कारवाई झाली. गाडीत उभं राहून "और आगे लो" म्हणणारे कोण होते, त्यांची नावं कोणाला आठवतात?

आता कामाचं सांगतो. चांगला ड्रायव्हर वाघाच्या जवळ जात नाही. वाघ जिथे येणार तिथे आधी जाऊन थांबतो. आमच्याकडे वाघ रस्त्यावर काहून येते? पायाखाली पाचोळा वाजत नाही, मऊ धूळ असते, आणि कडेच्या झाडांवर त्याला आपली खूण करत जायची असते. एकदा का तो रस्त्याने चालायला लागला की एक-दीड किलोमीटर सरळ येते. पंधरा गाड्या त्याच्यासमोर रिव्हर्स घेत धूळ उडवत राहतात. शहाणा ड्रायव्हर गाडी फिरवून पुढच्या वळणावर नेतो, कडेला लावतो, इंजिन बंद. वाघ वळणावर आला की स्वच्छ हवा, समोरून वाघ, मागे मोकळा रस्ता. तुम्ही फक्त एवढं सांगा, "दादा, आम्हाला जवळ नको, उजेड आमच्या पाठीमागे पाहिजे आणि इंजिन बंद पाहिजे." असं म्हणणारा पाहुणा आला की ड्रायव्हरलाही बरं वाटते. टीप सफारी झाल्यावर द्या, वाघ दिसला नाही तरी द्या.

शंकासूर

+१ शेवटच्या वाक्याला.

फुलफ्रेम

मी कायदा मोडा असं म्हटलेलं नाही. वीस मीटरच्या बाहेर राहूनही चांगली आणि वाईट जागा असतेच. आणि वीस मीटर मोजतं कोण? वाघच चालत गाडीजवळ आला तर?

सागवान

वाघ आपणहून आला तर गाडी बंद ठेवून गप्प बसायचं, एवढंच. नियम गाडीसाठी आहे.

हा नियम आला कुठून तेही सांगतो. २०१२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटन थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू झालं ते राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांसकट. वीस मीटर त्यातलेच. एकाच रस्त्यावरच्या दोन गाड्यांत ५० मीटर अंतर हेही त्यातलंच, आणि हे दुसरं तर जवळपास कुठेच पाळलं जात नाही. वाघ दिसला की बंपरला बंपर.

फोटोच्या दृष्टीनेही बघा. दहा मीटरवरून जिप्सीतल्या उंचीवर उभं राहून काढलेला वाघ वरून काढल्यासारखा दिसतो. पाठ जास्त, डोळे कमी. तोच चाळीस मीटरवरून काढला की कोन आपोआप खाली येतो आणि वाघ आपल्याकडे बघतोय असं वाटतं. जिप्सीतून उतरता येत नाही, त्यामुळे नजरेच्या पातळीवर यायचं तर लांब राहणं हाच मार्ग. मी तर उभाही राहत नाही. सीटवर बसून, लोखंडी दांड्यावर बीनबॅग, त्यावर लेन्स.

आयएसओ_आजी

माझं वय विचारू नका, पण माझा ब्रिज कॅमेरा आहे हे सांगते. एकच लेन्स, बदलायची भानगड नाही, धूळ आत जात नाही. ताडोबाची लाल धूळ एकदा सेन्सरवर बसली की प्रत्येक फोटोच्या आभाळात टिकल्या दिसतात. अर्धा_चहा, दोन लेन्स नेताय ना, जिप्सीत बदलू नका. ५५-२५० लावून ठेवा आणि १८-५५ रूमवर राहू दे.

सेटिंगचं विचारलंत त्यावर कोणीच बोललं नाही. सगळे लेन्सवरच भांडतायत. मी करते ते सांगते. ॲपर्चर प्रायॉरिटी (छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), एफ ५.६, ऑटो आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता कॅमेऱ्यावर सोडायची), आणि शटर १/५०० सेकंदाच्या खाली जायचं नाही असं बांधून ठेवते. ज्यांच्या कॅमेऱ्यात ती सोय नाही त्यांनी शटर प्रायॉरिटी धरावी. पहाटे गेटमधून शिरल्यावर पहिला पाऊण तास आयएसओ ३२०० च्या वर जातोच. जाऊ दे. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. रानकुत्री पळत असतील तर १/१६०० तरी हवा.

आणि कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर विश्वास टाकू नका. कॅमेऱ्याला जग करड्या रंगाचं वाटतं. चौकटभर गवा आला की तो त्याला उजळवून राखाडी करतो, मागचं गवत पांढरंफटक. तिथे एक्सपोजर एक स्टॉप उणे करा, म्हणजे उजेड निम्मा. बगळा असेल तर उलट, अधिक करा. अस्वल सगळ्यात अवघड. काळं, केसाळ, मान खाली, आणि बाहेर पडायची वेळ बहुधा तिन्हीसांजेची. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात तेव्हा झाडाखाली येतं. माझ्याकडे आहेत त्यातल्या निम्म्या फोटोंत नुसता काळा ढिगारा आणि पुढे पांढुरकं नाक.

लिंबूटिंबू

आजी, तुम्हाला साष्टांग. माझा प्रश्न: माझे बरेचसे वाघ धूसर आहेत आणि त्यांच्यासमोरचं गवत अतिशय सुंदर आलंय. एकेक पातं मोजून घ्यावं असं. उपाय?

ठिपकेवाली

सगळे फोकस पॉइंट चालू ठेवले की कॅमेरा सगळ्यात जवळचं पकडतो, आणि जंगलात सगळ्यात जवळ गवतच असतं. एकच पॉइंट निवडायचा, मधला, आणि तो डोळ्यावर ठेवायचा. डोळा झाकला असेल तर खांद्यावर. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांमध्ये प्राण्याचा डोळा ओळखणारा फोकस असतो, पण बांबूच्या जाळीत तोही गडबडतो, तेव्हा एक पॉइंटवर यायचं बटण बोटाखाली ठेवा.

अजून एक. गवतातून फोटो काढताना थोडं थांबा. वाघ चालत असतो, गवतात मोकळी फट येतेच. बोट दाबून धरून शेकडो फोटो काढण्यापेक्षा पुढची फट कुठे आहे ते एका डोळ्याने शोधा आणि तिथे फोकस करून ठेवा.

अर्धा_चहा

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. १५०-६०० चा विचार सोडला. ते त्रैराशिक मित्राला पाठवलं, तो अजून काही बोललेला नाही.

पण मे की फेब्रुवारी हे राहिलंच. आणि वाघ येणार हे ड्रायव्हरला आधी कळतं कसं?

चंद्रपुरी_बाणा

खुणांवरून आणि कॉलवरून, म्हणजे प्राण्यांच्या इशाऱ्याच्या ओरडण्यावरून. पहाटे रस्त्यावरचे पगमार्क पाहतात. रात्रीच्या टायरच्या खुणेवर पंजा असेल तर ताजा, पंजावर टायर गेला असेल तर जुना. मग कान. चितळ ओरडते ते बिबट, रानकुत्रा, कधी नुसत्या संशयावर. सांबर ओरडले की गाइड उठून उभा राहतो, कारण सांबर उगाच ओरडत नाही. वानर वरून पाहते, त्याची नजर कुठे लागली आहे ते बघायचं. एकदा पांढरपौनीच्या बाजूला आमच्या गाडीपुढे चितळांचा कळप होता. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, शेपट्या वर, एक मादी पुढचा पाय जमिनीवर आपटत होती. आवाज काहीच नाही. गाडीतले पाहुणे मोबाइल शोधत होते. ड्रायव्हरनं गाडी दहा हात मागे घेतली फक्त. थोड्या वेळानं वाघीण बरोबर त्या मोकळ्या केलेल्या जागेतून रस्ता ओलांडून गेली. मागे घेतली नसती तर ती झाडीतूनच वळली असती.

मोबाइलवरून आठवलं. कोअरमध्ये मोबाइल चालत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सगळ्या व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधल्या पर्यटनासाठी तसेच निर्देश दिले. तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ काढू वगैरे डोक्यातून काढा, कॅमेराच न्या.

फुलफ्रेम

मोबाइलबंदीला माझा पूर्ण पाठिंबा. अर्धी गर्दी त्यामुळेच व्हायची. एका गाडीला वाघ दिसला की फोनाफोनी आणि दहा मिनिटांत यात्रा.

मे की फेब्रुवारी: मे. दुमत नाही. पानगळ झालेली असते, आरपार दिसतं, पाणी ठरावीक ठिकाणीच उरतं. वाघ पाण्यात बसतो, तासभर हलत नाही. नवशिक्याला यापेक्षा सोपं काय हवं?

सागवान

दिसायला सोपं, काढायला नाही. चंद्रपूरचा मे ४५ अंशांच्या पुढे जातो. सकाळी नऊनंतर माळरानावरची हवा उकळायला लागते. जामनीच्या मोकळ्या गवताळ पट्ट्यात १५० मीटरवर गवे चरत असले तर व्ह्यूफाइंडरमध्येच ते डुलताना दिसतात. फोकस बरोबर, शटर बरोबर, फोटो मात्र पाण्यात बुडवून काढल्यासारखा. याला कुठलीही लेन्स उपाय नाही, ६०० तर हा दोष अजून मोठा करून दाखवते. दरवर्षी कोणीतरी लेन्स खराब निघाली म्हणून धागा काढतो, आणि फोटो बघितला की मे महिन्यातला, साडेनऊचा, लांबचा. उपाय एकच, जवळचं काढा आणि लवकर काढा.

शिवाय पाण्यात बसलेल्या वाघाचे फोटो सगळ्यांचे सारखेच येतात. दुपारचं डोक्यावरचं ऊन, पांढरं पडलेलं पाणी, अर्धा बुडालेला वाघ, जीभ बाहेर. फेब्रुवारीत ऊन तिरपं असतं, गवत सोनेरी, पहाटे तळ्यावर धुकं. वाघ कमी दिसेल कदाचित, पण दिसला तर उजेड साथ देतो. सासरे आणि दहा वर्षांची मुलगी बरोबर आहेत हेही धरा. उघड्या जिप्सीत मेची दुपारची फेरी हा गंमतीचा विषय नाही.

माझी स्वतःची आवड विचाराल तर जूनचा दुसरा पंधरवडा. पहिला पाऊस पडून गेलेला, धूळ बसलेली, सागाला नवी पानं, आणि कोअर ३० जूनपर्यंत चालू. पण पावसाचा भरवसा नाही, तेव्हा घरच्यांना घेऊन नको.

नैरोबीकर

इथे केनियात नोकरीला आहे, त्यामुळे मसाई माराला वरचेवर जाणं होतं. महाराष्ट्रातून येणारे पाहुणे ताडोबाच्या सवयी घेऊन येतात, म्हणून फरक सांगतो.

मारात गवत उघडं, उजेड भरपूर, प्राणी अर्धा दिवस समोर. गाडीचं छप्पर वर उचललं जातं, त्याखाली उभं राहून काढायचं, आणि राखीव क्षेत्राबाहेरच्या कॉन्झर्व्हन्सींमध्ये तर गाडी रस्ता सोडून गवतात नेता येते. म्हणजे कोन निवडता येतो. ताडोबात रस्ता ठरलेला, झाडी दाट, कोन जंगल ठरवतं. म्हणून इथे सिंहाचा चांगला फोटो मिळाला की लोक त्याला फार भाव देत नाहीत, आणि ताडोबात मिळाला तर भिंतीवर लावतात. बरोबरच आहे.

गर्दीचा रोग मात्र सारखाच. एका प्राण्याभोवती एका वेळी पाचच गाड्या, असा नियम इथे आहे. जुलै ते ऑक्टोबरमध्ये विल्डबीस्ट नदी ओलांडतात तेव्हा काठावर बघा काय चालतं ते.

येणार असाल तर सामानाचं लक्षात ठेवा: नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला जाणाऱ्या छोट्या विमानात साधारण १५ किलोच नेता येतं, तेही मऊ बॅगेत. मोठी लेन्स घेतली की कपडे राहिले. आणि कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणू नका, २०१७ पासून केनियात त्या पिशव्यांवर बंदी आहे.

शंकासूर

म्हणजे १५ किलोत एक ५०० प्राइम आणि एक बनियन. फुलफ्रेम, कधी निघताय?

फुलफ्रेम

बनियन कशाला?

ठिपकेवाली

अवांतर: जे ताडोबापर्यंत जाऊ शकत नाहीत त्यांनी पुण्याच्या आसपासचे माळ का सोडावेत? सुप्याजवळ मयूरेश्वरला चिंकारा, नगरच्या कर्जतजवळ रेहेकुरीला काळवीट, कडबनवाडीला लांडगा, खोकड, धाविक पक्षी. गवत बुटकं, पार्श्वभूमी स्वच्छ. चिंकारा शंभर मीटरवर कान टवकारतो आणि पुढचं पाऊल टाकलं की पळतो, तेव्हा अंतर राखणं आपोआप शिकतो आपण. भिगवणला मात्र डोळ्यांसमोर वाईट बघितलंय. उडणाऱ्या रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) फोटो हवा म्हणून नाव थव्यात घालायला सांगतात लोक. पक्षी तिथे खायला आलेले असतात, त्यांना दिवसातून दहा वेळा उठवलं तर खायचं कधी? आणि तसे हुसकावलेले पक्षी फोटोत ओळखू येतात. सगळे कॅमेऱ्याकडे पाठ करून उडत असतात.

लिंबूटिंबू

ताई, या एका वाक्यामुळे माझे भिगवणचे फोटो मी आज नव्याने बघितले. पाठच पाठ.

चंद्रपुरी_बाणा

फोटो टाकण्याबद्दलही लिहितो. वाघाचा फोटो त्याच दिवशी, जागेच्या नावासकट टाकू नका. पिल्लांचा तर मुळीच नको. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या गाड्या तिकडेच पळतात. शिकारीचा धोका तर आहेच. नवीन कॅमेरे फोटोत ठिकाणाचे आकडे आपोआप टाकतात, ते बंद करून ठेवा.

आणि एक सांगू का, तुम्ही लोक वाघांना नावं ठेवता, माया काय, मटकासुर काय. आमच्या गावात बायका मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात जातात. तुमाले वाघ पाह्याचा असते, आमाले टाळायचा असते. दर उन्हाळ्यात जिल्ह्यात कोणाचा ना कोणाचा वाघामुळे जीव जाते. म्हणून बफरमध्ये सफारी करताना रस्त्याने सायकलवर माणूस दिसला तर त्याचा फोटो काढण्याआधी विचारा. वाघ दिसलेल्या जागेवर माणसं काम करत असतील तर गाइडला सांगा, तो कळवतो.

आयएसओ_आजी

हे बरं झालं लिहिलंत. मोहर्लीहून ताडोबाकडे जाताना रस्त्याच्या कडेला जुने दगडी खांब लागतात ना, गोंडकाळातले म्हणतात ते, त्यांचे फोटो माझ्याशिवाय कोणी काढताना दिसलं नाही. त्यातल्या एकावर सर्पगरुड बसला होता. माझ्या सगळ्या वाघांपेक्षा तो फोटो मला जास्त विचारला जातो. जंगलात माणसांचंही काहीतरी आहे हे फोटोत यावं.

अर्धा_चहा, मुलीला कॅमेरा देऊ नका, दुर्बीण द्या. आठ बाय बेचाळीसची हलकी. कॅमेरा हातात असला की मुलं पडद्यावर मागचे फोटो बघत बसतात. दुर्बीण असली की तीच तुम्हाला पक्षी दाखवेल.

अर्धा_चहा

ठरलं. फेब्रुवारीच. आहे ती ५५-२५०, मुलीला दुर्बीण, सासऱ्यांना मधली सीट आणि उशी. आकडे बघून सासरे खूश आहेत, कारण लेन्सचं भाडं वाचलं त्यात सगळ्यांच्या एका वेळच्या जेवणाची सोय झाली.

शेवटचे दोन प्रश्न. बीनबॅगमध्ये काय भरायचं? आणि रिसॉर्टवाला म्हणतो खोल्या एसी आहेत, तर कॅमेऱ्याला काही त्रास?

सागवान

बीनबॅग रिकामी न्या, प्रवासात ओझं नको. चंद्रपुरात नाहीतर मोहर्लीच्या दुकानात तांदूळ किंवा गहू घेऊन तिथेच भरा. दोन-अडीच किलो पुरे, गच्च भरू नका, लेन्स टेकवल्यावर खाली बसली पाहिजे. थर्माकोलच्या गोळ्या भरलेली मिळते ती घेऊ नका, जिप्सीच्या दांड्यावरून घसरते. परत येताना तांदूळ तिथेच कोणाला देऊन टाका. आणि गाडी थांबली की सगळ्यांना एकदाच सांगा, मी फोटो काढताना कोणी उठू नका. इंजिन बंद असलं तरी एका माणसाने पाय बदलला की गाडी हलते आणि १/५०० चा फोटो जातो.

फेब्रुवारीत एसीचा फार प्रश्न नाही, रात्री लावूच नका. उन्हाळ्यात मात्र थंड खोलीतून बाहेर आलं की काचेवर बाष्प बसतं. तेव्हा निघायच्या तासभर आधी बॅग बंद ठेवूनच व्हरांड्यात ठेवायची. बॅटऱ्या उलट, पहाटेच्या थंडीत लवकर उतरतात, जास्तीची एक खिशात ठेवा.

चंद्रपुरी_बाणा

आणि मंगळवार टाळून बुकिंग करा, ताडोबा बंद असते. ओळखपत्र मूळ पाहिजे, झेरॉक्स चालत नाही, ज्या नावाने बुकिंग तेच. गेटवर कॅमेऱ्याचे वेगळे पैसे घेतले तर पावती मागून घ्या.

शंकासूर

सासऱ्यांच्या उशीचे वेगळे घेतात का?

चंद्रपुरी_बाणा

नाही बा. पण उशी रिसॉर्टचीच नेऊ नका, धुळीनं लाल होते, अन् मग बिलात लावतात.